इब्राहिमचाचा सांगतील तिथं जेवा

बाबांच्या छातीत मिलचा कापूस बसला आणि पंचेचाळिशीच्या आत ते घरी बसले. तोवर आम्ही परळला होतो. नोकरी गेली तशी खोलीही गेली आणि आम्ही तिघं अंधेरीला आलो, कुर्ल्याच्या रस्त्यालगतच्या चिंचेच्या चाळीत. तेव्हाची अंधेरी म्हणजे स्टेशन, दोन-चार स्टुडिओ, भाताची खाचरं आणि मधे मधे चाळी. आमच्या वाट्याला तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि मागची पडवी आली. सामान म्हणजे एक ट्रंक, एक पाटा-वरवंटा आणि आईच्या लग्नातला लहान पितळी टोप. त्या टोपात तीन माणसांचा भात होतो, चौथ्याचा होत नाही. पहिले दोन महिने तिघांचाही होत नव्हता. पेज व्हायची, आणि पेजेत शितं शोधावी लागायची.

आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण रांधता येत होतं. तिनं खानावळ काढली. जुन्या बाजारातून चार मोठे पितळी टोप आणले. त्यांची आतली कल्हई पार उडाली होती. त्या चार टोपांमुळे इब्राहिमचाचा आमच्या घरी आले. घरी म्हणजे उंबऱ्यापर्यंत. उंबऱ्याच्या आत यायला त्यांना सहा वर्षं लागली, आणि त्यात चूक त्यांची नव्हती.

आता घरोघरी स्टीलची भांडी झालीत, म्हणून थोडं सांगते. पितळेच्या भांड्यात आंबट काही शिजवलं की ते कळकतं, हिरवं पडतं, खाणाऱ्याला ओकाऱ्या होतात. म्हणून भांड्याला आतून कथलाचा पातळ थर द्यायचा, ती कल्हई. पळी लागून लागून ती झिजते, की पुन्हा लावायची. घरच्या भांड्यांना वर्षातून दोनदा लावली तरी चालते, खानावळीच्या भांड्यांना दर महिन्याला हवी. ज्या खानावळीची कल्हई गेली तिचं नाव गेलं.

इब्राहिमचाचा राजापूरकडचे. उंच, काटकुळे, आणि भुवया अजिबात नाहीत. "भट्टीनं खाल्ल्या," म्हणायचे, "दाढी वाचली तेवढं नशीब." चाळीच्या नळाजवळ जमिनीत खड्डा करून ते भट्टी लावत. भाता ओढायला माणूस ठेवला नव्हता. भात्याची दोरी उजव्या पायाच्या अंगठ्याला बांधायचे आणि पाय हलवत राहायचे, दोन्ही हात भांड्याला मोकळे. टोप लाल तापला की नवसागराची चिमूट टाकायची, पांढरा धूर उठायचा, कथलाची कांडी फिरायची, कापसाच्या बोळ्यानं एक फेरा, आणि काळाकुट्ट टोप आतून चंद्रासारखा. मग तो बादलीत बुडवायचा, छुस्स. आणि पाण्यातून काढल्यावर चाचा त्यात स्वतःचं तोंड बघून टोपी सरळ करायचे. प्रत्येक भांड्यात. "माझ्या घरात आरसा नाही. कशाला घेऊ?"

पण लोक त्यांच्याकडे फक्त कल्हईला येत नसत. अंधेरीहून कुणी कुठं निघाला की आधी चाचांना विचारून जायचा. सोमवारी ते अंधेरीत, मग पार्ला-वांद्रे, मधल्या वारी घाटकोपर, विक्रोळी, मुलुंड, शनिवारी बोरिवली. सगळीकडच्या खानावळी, लॉज, लग्नाची स्वयंपाकघरं त्यांनी आतून बघितलेली. गिऱ्हाईक पुढच्या दारानं जातं, त्याला ताट दिसतं. चाचा मागच्या दारानं जात, त्यांना टोपाचा तळ दिसायचा. "ताट खोटं बोलतं," ते म्हणायचे, "तळ नाही बोलत."

विचारलं की आधी उलट प्रश्न यायचा, "कशाला चाललायस?"

"बोरिवलीला, मुलगी बघायला."

"मग जेवू नको. ते घालतील. कमी खाल्लंस तर म्हणतील दुखणाईत आहे."

"घाटकोपरला, आत्याला दवाखान्यात बघायला."

"मग स्टेशनसमोर गुजराती लॉज आहे, त्याच्याकडं खिचडी डब्यात भरून मिळते. आत्याला ती दे, तू बाहेर येऊन जेव. आजाऱ्यासमोर जेवू नये."

वांद्र्याला रोझीबाईकडं कोळंबी. "बाकीचं तिथलं मी खात नाही, पण टोप लख्ख." विक्रोळीला कारखाने उभे राहत होते, तिथं एका वाळवेकराची पत्र्याची खानावळ. "आमटी पातळ, पण माणूस पहिल्याला जी वाढतो तीच शेवटच्याला." आणि वेसाव्याला बंदरावरची एक कोळीण, तिचं कालवण सगळ्यांत वर. ती मातीच्या भांड्यात रांधायची. कुणीतरी हसून म्हणालं, "चाचा, मातीच्या भांड्याला कल्हई लागत नाही. तुमचा काय फायदा?"

"म्हणून तर आधी तिचं नाव घेतो. तिथं मी खोटं बोलतोय असं कुणी म्हणणार नाही."

त्यांच्या तोंडची सर्वांत मोठी तारीफ म्हणजे "जाऊन बघ." त्यापुढं एक अक्षर नाही. आणि एखादं ठिकाण मनातून उतरलं असलं तर शिवी नाही, निंदा नाही.

"चाचा, मालाडला कुठं जेवू?"

"मालाडला पाणी चांगलं आहे."

माणूस समजायचा आणि घरून भाकरी बांधून न्यायचा.

आमच्या शेजारच्या परबांचा वसंता मुलुंडला एका कारखान्यात मुलाखतीला निघाला. चाचांनी त्याला सांगितलं, "कॅम्पात सिंधी लोकांची वस्ती आहे. कराचीकडून आलेलं एक म्हातारं जोडपं दारातच डाळ-रोटी करतं. तिथं जा. पण बाकावर बसू नको, खाली बस. खाली बसलं की पोट दबतं, माणूस कमी खातो. भरल्या पोटी मुलाखतीला गेलास तर साहेबासमोर जांभई देशील." वसंताला नोकरी लागली. पेढे घेऊन तो आधी चाचांकडं आला, मग घरी. त्याची आई महिनाभर आमच्या नळावर कुरकुरत होती, "शिकवला आम्ही, पेढे कल्हईवाल्याक!"

एकदा घाटकोपरच्या त्या लॉजवरून चाचा परत आले ते बाबांशी बोलत बसले होते. मी ऐकत होते. सबंध दिवस त्यांनी तिथली भांडी केली, मालकानं जेवायला बसवलं ते मागच्या अंगणात, पत्रावळीवर, आणि उठल्यावर जागेवर पाणी मारून घेतलं. बाबा चिडले. "आणि तुम्ही त्याचंच नाव लोकांना सांगता?"

"जेवण बरं होतं तर काय सांगू? माणूस पुढंमागं सुधारेल. आमटी आजच चांगली आहे."

बाबा खाली बघू लागले. मीही, कारण चाचांच्या हातात त्या वेळी आमचा चहाचा कप होता, बिनकानाचा, उंबऱ्याबाहेर कोनाड्यात त्यांच्यासाठी वेगळा ठेवलेला. खोटं कशाला लिहू.

आता मुद्द्याचं. चाचा सगळ्या उपनगरांची नावं घेत, आमच्या खानावळीचं घेत नसत.

आमच्याकडं पाच जेवणारे होते. पाचांवर खानावळ जगते, वाढत नाही. मी मॅट्रिक पास झाले. आमच्या सगळ्या भावकीत पहिली. कॉलेजात नाव घातलं, पहिल्या सत्राची फी आईच्या पाटल्यांनी भरली. दुसऱ्या सत्राला भरायला आईच्या अंगावर मंगळसूत्राशिवाय काही नव्हतं. आणखी दहा जेवणारे आले तर मी शिकणार, नाहीतर दिवाळीनंतर साकीनाक्याच्या डब्यांच्या कारखान्यात झाकणं लावायला जाणार, असा सरळ हिशेब होता. आणि दहा जेवणारे आणायचे तर अंधेरीत एकच दार होतं, चाचांचं तोंड.

त्यांच्या तोंडी यावं म्हणून आई काय करत नव्हती! दारात रांगोळी काढायची, मोठे टोप चिंच लावून बाहेरूनसुद्धा चमकवायची. भट्टी लागली की मुद्दाम त्या वेळी फोडणी द्यायची, वास नळापर्यंत जावा म्हणून. चाचा वास घ्यायचे, मान डोलवायचे, आणि विचारणाऱ्याला सांगायचे, "अंधेरीत? कर्णिकबाई. पुलापलीकडं. जाऊन बघ."

गणपती झाले आणि स्टुडिओतले सुतार आले. दहा-बारा जण, नवीन सेट उभारायला संगमेश्वराकडून आलेले, वर्षभर राहणारे. नळावर चाचांची भट्टी चालू होती, तिथंच ते उभे राहिले. आई दारात, हात पिठाचे.

"चाचा, आपल्याकडचं जेवण हवंय. नारळाचं. कुठं मिळंल?"

आईनं श्वास धरला, मी बघितलं. नारळाचं जेवण अंधेरीत आमच्याशिवाय कुठं? कर्णिकबाई शेंगदाण्याच्या कुटावर चालायच्या.

चाचा टोपात कापूस फिरवत राहिले. मग म्हणाले, "कर्णिकबाई. पुलापलीकडं."

सुतार गेले. आई पिठाच्या हातांनीच नळावर आली.

"इब्राहिमभाय, माझ्या डाळीत किडे पडले काय?"

"नाय वैनी. डाळ झकास असते."

"टोप घाणेरडे?"

"माझ्या हातचे टोप. घाणेरडे कसे असतील?"

"मग माझ्या पोटावर पाय कित्याक? मी तुमच्या मुलखातली. ती कर्णिकीण तुमची कोण लागता?"

"कोणी नाय," चाचा म्हणाले. दोरी ओढली, पाय हलवायला लागले. "रागावू नका. माझ्याकडं कारण आहे. ते मी चारचौघांत सांगणार नाही."

त्या दिवशी आई रडली नाही. तिनं पाटा-वरवंट्यावर इतका मसाला वाटला की तो चार दिवस पुरला.

दसऱ्याच्या आधी भांडी कल्हईला काढली. आईनं चार मोठे टोप बाहेर ठेवले. मी फळीवरचा लहान टोपही घेतला. आई म्हणाली, "तो नको. तो चांगलो आसा." पण मला वाटलं, सणाचं आहे, होऊन जाऊ दे. आणि खरं सांगायचं तर मला चाचांना एकटं गाठून विचारायचं होतं.

चाचांनी लहान टोप हातात घेतला. बोटाच्या पेरानं टिचकी मारली, कान लावला. आतून हात फिरवला. तोंड बघितलं, पण टोपी सरळ केली नाही.

"शालू, ही कल्हई कुणाची?"

"तुमचीच, चाचा."

"कधीची?"

"आम्ही आलो तेव्हाची."

"म्हणजे दोन वर्षांची. बघ, जशीच्या तशी. आरसा." त्यांनी टोप माझ्यापुढं धरला. "तुझी आई सगळ्यांना काय सांगते? घरचं वेगळं शिजतं."

आई तसंच सांगायची. गिऱ्हाइकाच्या टोपातलं आपण खायचं नाही, त्यांनी पैसे मोजलेत, असा तिचा नियम होता. आणि तो ती अभिमानानं सांगायची.

"कशात शिजतं?" चाचांनी विचारलं. "या टोपात दोन वर्षांत कुणी पळी घातलेली नाही."

मी आठवू लागले. मी सकाळी कॉलेजात जायचे ते ताटली झाकलेली असायची, खाऊन जायचे. बाबांचं पथ्याचं वाटीभर, ते छोट्या ॲल्युमिनियमच्या भांड्यात व्हायचं. माझं त्यातलंच. आईचं? आई सगळ्यांच्या मागून. "जेवलंय मी," म्हणायची. गिऱ्हाइकं उठली की ती मोठ्या टोपाच्या तळाची खरवड उलथन्यानं काढायची, त्यात पाणी घालायची. मी ते बघितलं होतं. मला वाटायचं, ती टोप घासायच्या तयारीत आहे.

चाचांनी आवाज खाली आणला. "बोरिवलीला दगडखाणीच्या रस्त्यावर एक बाई होती. काय हात होता तिचा! मी अकरा खाणवाले तिच्याकडं पाठवले. ती दुसऱ्याला वाढायची, आपण उपाशी. एक दिवस चुलीपुढं पडली ती उठली नाही. खानावळ बंद. ते अकरा जण दिवसभर दगड फोडून आले तर चूल थंड. त्यांनी मला ज्या शिव्या दिल्या त्या माझ्या कानात अजून आहेत, आणि बरोबर दिल्या. तेव्हापासून माझा कायदा. जिथं रांधणारी जेवत नाही तिथं मी माणूस पाठवत नाही. डाळ कितीही झकास असो."

मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. लहान टोपाला कल्हई लावली नाही, तसाच कापसानं पुसला, आणि चार मोठे टोप झाल्यावर स्वतः उचलून उंबऱ्यापर्यंत आले. आईला म्हणाले, "वैनी, दिवाळीला परत येईन. हा लहान टोप मला झिजलेला दिसला पाहिजे. नाही दिसला तर मोठ्यांना मी हात लावणार नाही."

"ह्यो कसलो हट्ट?"

"कारागिराचा आहे."

आई मला बोलली. काय बोलली ते सगळं लिहीत नाही. "कॉलेजात जातंस ती काय माका जेवूक शिकवूक?" हे त्यातलं शेवटचं.

दिवाळी आली. आईनं लहान टोप आपल्या हातानं बाहेर नेऊन ठेवला. आतून घासलेला, ठिकठिकाणी पिवळं पितळ दिसत होतं. मला बरं वाटलं. चाचांनी तो उन्हात धरला, फिरवला, आणि हसू लागले. मी त्यांना इतकं हसताना कधी बघितलं नव्हतं. पायाची दोरी सुटली, भट्टी बसली, तरी हसतायत.

"वैनी! काथ्या आणि विटेची पूड. बरोबर?"

आईचं तोंड उतरलं.

"अहो, पळी तळाला लागते. मधोमध. ही झीज काठाला आहे, गोल गोल. भात काय काठावर शिजवलात?" मग एकदम गंभीर झाले. "इतकी मेहनत टोप झिजवायला केलीत. तेवढ्या वेळात जेवून झालं असतं."

आणि त्यांनी खरंच मोठ्या टोपांना हात लावला नाही. भाता गुंडाळला आणि निघून गेले.

चार टोप बिनकल्हईचे. आईनं आंबट करायचं सोडलं. सोलकढी बंद, चिंचेची आमटी बंद. पाच जेवणाऱ्यांपैकी एकानं दुसऱ्याच दिवशी विचारलं, "वहिनी, कढी नाही?" आठव्या दिवशी तो आलाच नाही. कॉलेजनं मला फीसाठी महिनाभराची मुदत दिली होती, त्यातले दिवस जात होते. मी आईशी बोलायचे नाही, आई माझ्याशी नाही.

एका रविवारी सकाळी बाबा लसूण सोलत होते. ते फार बोलायचे नाहीत, बोललं की धाप लागायची. ते उठले, भिंतीला धरून फळीपर्यंत गेले, लहान टोप काढला, त्यात तांदूळ घातले आणि आईपुढं ठेवला.

"तिघांचे आसत," म्हणाले. "पुरे झाले तुझे हट्ट. आता चढव."

आईनं चढवला.

गिऱ्हाइकं बारा वाजता यायची. आई अकराला बसली. दाराकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून, काहीतरी चोरत असल्यासारखी. भात, डाळ, बांगड्याचा एक तुकडा. मी पडवीत पुस्तक घेऊन बसले होते. तोवर मी आईला हजार वेळा वाढताना बघितलं होतं. ताट पुढं घेऊन जेवताना बघितलेली ही पहिलीच वेळ. ती फार भरभर जेवत होती. मग सावकाश झाली. मग तिनं पुन्हा भात घेतला. मी पुस्तकात डोकं घातलं, एक ओळ वाचता आली नाही.

तिसऱ्या आठवड्याला चाचा आपणहून आले. आईनं लहान टोप पुढं केला. चाचांनी उन्हात धरला. तळाला मधोमध, रुपयाएवढं पितळ उघडं पडलं होतं. काठावर मात्र नवी झीज नव्हती. त्यांनी त्यात तोंड बघितलं आणि टोपी सरळ केली.

मग पाचही टोप केले, लहान आधी.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला दारात चपलांचा ढीग पडला. सुतार. चाचांनी ते कर्णिकबाईंकडून फोडून आणले नव्हते, ते मी नंतर विचारलं. कर्णिकबाई मुलीच्या बाळंतपणाला डोंबिवलीला गेल्या होत्या आणि खानावळ दोन महिने बंद होती. चाचांनी तेवढं बघूनच त्यांना आमच्याकडं पाठवलं होतं. पुढचा सुतार म्हणाला, "चाचांनी पाठवलंय. म्हणाले, जाऊन बघा."

आई आत आली, पदरानं तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "शाले, पाट मांड." महिन्याभरानं पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली होती. मी बारा पाट मांडले. सुतारांनी महिन्याचे पैसे आगाऊ दिले, त्यातून मुदत संपायच्या दोन दिवस आधी फी भरली.

पुढची चार वर्षं मी चाचांना दर महिन्याला बघत होते. मोठे टोप चाराचे सात झाले. आई अकराला जेवायची, कुणी आलं तरी उठायची नाही. "बसा. मी जेवतंय," एवढं म्हणायची, आणि ते म्हणताना तिची मान ताठ असायची. चाचा मात्र थकत चालले. उपनगरांत ॲल्युमिनियम शिरलं, मग स्टील. विक्रोळीच्या वाळवेकरानं सगळी पितळ मोडीत घातली. घाटकोपरच्या लॉजनं स्टीलची ताटं घेतली, चाचा हसून म्हणाले, "आता ते अंगणात कुणाला बसवतील?" आईनं पितळ सोडलं नाही.

माझ्या बी.ए.च्या निकालाच्या आठवड्यात ते सांगायला आले की राजापूरला कायमचे चाललेत. पाठीवर भाता, हातात काही नाही. आईनं कोनाड्यातला बिनकानाचा कप उचलला, क्षणभर हातात धरला आणि चिंचेच्या बुंध्याशी फेकून दिला.

"भाय, आत या. जेवूक बसा."

"तुम्ही वाढून घ्या," चाचा उंबऱ्यावरच म्हणाले. "तुमचं ताट आधी. मग मी."

आमच्यात बाई पाहुण्याआधी वाढून घेत नाही, परक्या पुरुषासमोर जेवत तर नाहीच. आईनं दोन पाट समोरासमोर मांडले. लहान टोपातला भात आधी आपल्या ताटात घेतला, मग त्यांच्या. बाबांनी आणि मी वाढलं.  मधे एकदा चाचांनी सोलकढीची वाटी तोंडाला लावली, संपवली, आणि पुढं केली.

ते निघाले तेव्हा मी पडवीत उभी होते. रस्त्याच्या वळणावर दोन अनोळखी माणसं त्यांना अडवून काहीतरी विचारत होती, हातात पिशव्या, नवीन आलेली असावीत. चाचांनी त्यांच्याकडं बघितलं, नक्की विचारलं असणार, कशाला आलात. मग मागं न वळता त्यांनी हात वर केला आणि अंगठा खांद्यावरून मागं, आमच्या दाराकडं दाखवला. आणि चालू लागले. भाता पाठीवर वरखाली होत होता, भट्टी नसताना.

ती दोन माणसं आली. आई त्यांना म्हणाली, "बसा."

शुक्रवारी निकाल लागला. मी बी.ए. झाले, आमच्या घराण्यातली पहिली. आणि आमच्या खानावळीत त्या दिवशी तीस माणसं जेवली, आईला धरून.